यशवंताचा चेंडू धरणारी

म्हसवड, १८ जानेवारी

वाजिदभाई,

सलाम. माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न फोडताच टाकून द्याल, म्हणून वरचा पत्ता अब्बांकडून लिहून घेतला. 'ॲडव्होकेट वाजिद दस्तगीर नदाफ, सांगली.' पाच वर्षांत त्यांनी तुमचं नाव तोंडातून काढलं नाही, पण लिहिताना 'ॲडव्होकेट' दोनदा गिरवलं. फोन केला असता, तर तुम्ही माझा नंबर बंद करून ठेवलाय.

भांडण उकरायला लिहीत नाही. नॅशनलच्या कँपला निघाले त्या सकाळी तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, "ही सॉफ्टबॉल खेळायला गेली, तर मी या घरात न्हाई." मी गेले. तुम्हीही गेलात. आता मला कायद्याचं एवढंच विचारायचं आहे, आणि तेही माझ्यासाठी नाही. एका माणसाचा पासपोर्ट दुसऱ्यानं आपल्या कपाटात ठेवला आणि मागूनही दिला नाही, तर काय करायचं?

मी दोन वर्षं फलटणच्या अलीकडे उदयसिंह दादांच्या शिक्षण संस्थेत क्रीडा सहायक आहे. आठवडाभर तिथल्या वसतिगृहात राहते, रविवारी घरी येते. सप्टेंबरात दादांनी क्युबा देशातून बेसबॉलचा एक खेळाडू आणला. बावीस वर्षांचा. नाव योसवानी. ते कुणाच्या तोंडात बसेना, तेव्हा मैदानावरच्या पोरांनी आठवड्याभरात त्याचा यशवंता केला. आता तोही यशवंता म्हटलं की वळून बघतो.

तो पिचर आहे, म्हणजे चेंडू फेकणारा. क्रिकेटचा बोलर म्हणा, फक्त टप्पा पडू द्यायचा नाही. आपल्याकडे कुस्ती तसा त्यांच्याकडे बेसबॉल. अठराव्या वर्षी तो तिथल्या मोठ्या स्पर्धेत खेळला. पगार एवढासा, म्हणून मेक्सिकोला सामन्यांना गेला तो संघाबरोबर परतलाच नाही. तिथे कुणी एजंट भेटला. भारतात सहा संघांची लीग सुरू होतेय, एक हंगाम खेळलास की अमेरिकेचे लोक तुला बघायला येतील, म्हणाला. हा आला. इथे लीग म्हणजे दादांनी छापून घेतलेले सहा रंगांचे टी-शर्ट. पुढच्या महिन्यात सुरू, पुढच्या महिन्यात सुरू, करता करता डिसेंबर गेला आणि त्याचा व्हिसा संपला.

त्याचं गावही साखर कारखान्याचं. आपल्याकडे मळीचा वास सुटला की तो 'मामा, मामा' म्हणतो. पोरांना वाटलं, मामाची आठवण येते. त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई.

पहिल्या दिवशी त्याच्यासमोर तालुक्यातला नावाजलेला विकेटकीपर बसवला. तिसऱ्या चेंडूला त्याचं बोट मोडलं. मग दुसरं कुणी बसायला तयार होईना. त्याचा चेंडू धरायला कुणीच नाही म्हटल्यावर दादांना माझी आठवण झाली. मी सॉफ्टबॉलला कॅचरच होते. अब्बांनी गादीचा कापूस दाबून दाबून ग्लोव्हच्या तळव्यात भरला आणि वरून दुहेरी शिवण घातली. तेव्हापासून तो फेकतो आणि मी धरते.

तुम्ही विचाराल म्हणून आधीच लिहिते, तसं काही नाही. मैदान, मास्क, चेंडू, एवढंच.

उत्तर दोन ओळींचं आलं तरी चालेल.

अर्फा


फलटण, १६ फेब्रुवारी

वाजिदभाई,

खरंच दोनच ओळी आल्या. 'दुसऱ्याचा पासपोर्ट कुणालाही ठेवून घेता येत नाही. तू त्यात पडू नकोस.' खाली सही, तीही पूर्ण, वकिलाची. तरी मी ते पत्र उशीखाली ठेवलं.

पहिल्या ओळीच्या जिवावर मी दादांकडे गेले. यशवंताही सोबत होता. आम्ही मोबाइलच्या भाषांतरावर बोलतो. तो स्पॅनिशमध्ये सांगतो, मोबाइल मराठीत वाचतो. इटलीतल्या एका क्लबनं त्याला बोलावलंय, एक एप्रिलपर्यंत हजर राहायचं आहे. क्लबचं पत्र दाखवून मी म्हटलं, "दादा, याचा पासपोर्ट द्या. याला जायचंय."

दादा रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत. त्यांनी चहा मागवला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "सांग त्याला, आमी काय डांबून ठेवलंय व्हय? जा म्हणावं खुशाल. पर बिगर व्हिसाचा स्टँडवर दिसला की पोलीस उचलत्यात. आमच्या छपराखाली हाय म्हणून सुखरूप हाय. पोटच्या पोरागत सांभाळतोय त्याला."

मोबाइलनं ते स्पॅनिशमध्ये काय सांगितलं कोण जाणे. यशवंतानं ऐकलं, चहा संपवला आणि मान खाली घालून खोलीवर गेला. त्याच्या खोलीला बाहेरून कुलूप नसतं. पण फाटकावर वॉचमन आहे, त्याच्या पलीकडे नजर पोचेल तिथपर्यंत ऊस, आणि त्याला बोलता येतं ते 'लय भारी' आणि 'बास'. कुलुपाची गरजच काय?

आता त्याला गावोगाव नेतात. वाढदिवस, जत्रा, कारखान्याची सभा. मंडपाशेजारी मैदान आखायचं, वेग मोजायचं यंत्र लावायचं, पुढाऱ्यांनी हातात बॅट घेऊन फोटो काढायचे, आणि यशवंतानं चेंडू फेकायचे. दहिवडीत आकडा दीडशेच्या वर गेला तेव्हा लोकांनी फटाके लावले. दादांचा पुतण्या वीरधवल माईकवर ओरडत होता, "जगातला एक नंबरचा पिचर, आपल्या मातीत!" आणि तो पिचर माझ्याकडे बघून कोपराला हात लावत होता.

कोपर दुखतोय. पिचरला चार-पाच दिवसांची विश्रांती लागते, हे मी दोनदा सांगून बघितलं. वीरधवल म्हणतो, "ऊसतोड कामगाराला मिळती का विश्रांती?" परवा यशवंतानं मोबाइलमध्ये काहीतरी सांगितलं आणि मोबाइल बाईच्या आवाजात म्हणाला, "माझा कोपर रात्री रडतो." आम्ही दोघंही हसलो. मग त्यानं तोंड फिरवलं.

रविवारी घरी गेले की अब्बा पहिलं विचारतात, "त्यो पोरगा जेवला का गं?" अम्मी काहीच विचारत नाही. अम्मी माझ्याकडे बघत राहते. गावात काय बोलतात ते तिच्या कानावर आलं असणार.

तुम्ही लिहिलंत, त्यात पडू नकोस. भाई, मी आधीपासूनच त्यात आहे. कशी, ते या पत्रात लिहीत नाही.

अर्फा


म्हसवड, १७ मार्च

वाजिदभाई,

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतेय. या वेळी दोन ओळी नकोत, तुम्ही या.

परवा रविवारी संस्थेच्या मैदानावर लीगचं उद्घाटन म्हणून सामना ठेवला होता. मुंबईहून पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी दादांनी यशवंताला बोलावून सांगितलं, "सामना पुरा कर. सोमवारी पासपोर्ट तुझ्या हातात." तो उड्या मारत माझ्याकडे आला. "सोमवार! अर्फा, सोमवार!" एवढा शब्द त्यानं मराठीत पाठ केला होता. त्यानं मला हात वाकवून दाखवला. कोपर सरळ होत नव्हता.

मी म्हटलं, खेळू नकोस. तो म्हणाला, सोमवार.

माझा रोजा होता. दुपारचं ऊन, अंगावर छातीचं पॅड, तोंडावर मास्क. सुरुवातीला त्यानं झकास टाकले. बॅटिंगवाल्यांना चेंडू दिसत नव्हता, फक्त माझ्या ग्लोव्हमध्ये लाकूड फुटल्यासारखा आवाज यायचा, आणि तो आवाज झाला की लोक शिट्ट्या मारायचे. चौथ्या डावात आवाज बदलला. ओल्या गोणपाटावर काहीतरी पडावं तसा. लोकांना फरक कळला नाही, यंत्रावरचा आकडा थोडाच उतरला होता. पण मी सहा महिने त्याचा चेंडू धरलाय. चेंडू सुटताना त्याचं तोंड वाकडं होत होतं, आणि दोन चेंडूंच्या मध्ये तो हात मांडीवर टेकवून उभा राहत होता. बेसबॉलला नऊ डाव असतात, अजून पाच बाकी होते.

मी उठून त्याच्याजवळ गेले. "बास," म्हटलं. त्यानं मान हलवली. "सोमवार," म्हणाला, आणि मला परत जायला खुणावलं.

मी परत गेले. बसले. त्यानं एक टाकला. मी धरला. तो टाकताना त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी आधी एकदाच ऐकलंय, शेजारच्यांच्या म्हशीचा पाय मोडला तेव्हा.

मी उभी राहिले. मास्क काढला, ग्लोव्ह काढला, दोन्ही जमिनीवर ठेवलं आणि मैदानाबाहेर चालत गेले.

वीरधवल धावत आला. "ए अर्फा! पाव्हणं बसल्यात! माघारी फिर!" मी म्हटलं, दुसरा कुणी बसवा. त्यानं तिघांना विचारलं. तिघांनीही नाही म्हटलं. धरणारा नसेल तर पिचरनं टाकायचं कुणाला? पाहुण्यांनी अर्धा तास वाट बघितली, नाश्ता केला आणि गाड्या काढल्या.

तुम्हाला वाटेल, यशवंतानं माझे आभार मानले. तो माझ्या अंगावर धावून आला. टोपी माझ्या पायाशी आपटली. आपल्या भाषेत ओरडत राहिला आणि शेवटी मराठीत म्हणाला, "का? अर्फा, का?" मग मैदानाच्या मधोमध माझ्याकडे पाठ करून बसला. त्याच्या लेखी मी त्याचा सोमवार हिसकावून घेतला. मलाही रात्रभर तसंच वाटलं. त्याचा हात होता, त्याचं आयुष्य होतं, ठरवणारी मी कोण?

काल संस्थेनं अब्बांना बोलावून घेतलं. मीही गेले. वीरधवल अब्बांना उभंच ठेवून म्हणाला, "चाचा, पोरगी त्या परदेशी पोरापायी मॅच मोडती. लोक काय म्हणत्यात ठावं हाय का तुमाला?" अब्बा किती घाबरट आहेत तुम्हाला माहीत आहे. संस्थेच्या वसतिगृहाच्या सगळ्या गाद्या तेच भरतात. मला वाटलं, ते माफी मागतील. ते खाली बघत होते. मग म्हणाले, "साहेब, चेंडू धरती ती माझी पोरगी. तिनं न्हाई धरला, तर हात तिचा हाय."

आम्ही दोघं एसटीनं परत आलो. गोंदवल्याला अब्बा मला भजी घ्यायला लागले, मग आठवलं, रोजा आहे. दोघंही हसलो.

आता जे लिहिलं नव्हतं ते लिहिते. यशवंताचा पासपोर्ट ज्या कपाटात आहे, त्याच कपाटात माझी प्रमाणपत्रं आहेत. दहावीपासूनची सगळी, आणि नॅशनलची तिन्ही. नोकरी देताना तीन वर्षांच्या करारावर सही घेतली आणि मूळ कागद ठेवून घेतले. ती प्रमाणपत्रं नसतील तर खेळाडूंच्या राखीव जागेवर मला कुठेच अर्ज करता येत नाही. मध्ये सोडून गेलीस तर कागद विसर, असं सही करतानाच सांगितलं होतं. आज मला कामावरून काढलंय, कागद मात्र सोडले नाहीत.

तुम्हाला हे आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, बघ, खेळून काय मिळालं.

यशवंताला आता फाटकापर्यंतही येऊ देत नाहीत. तो माझा फोन घेत नाही. माझ्यावर राग आहे की फोन काढून घेतलाय, कळायला मार्ग नाही. दादांनी निरोप पाठवलाय, आता पासपोर्ट लीग संपल्यावर. जी लीगच नाही ती संपणार कधी?

भाई, तुम्ही माझ्यासाठी येऊ नका. त्याच्यासाठी या. म्हसवडला आला नाहीत तरी चालेल.

अर्फा


म्हसवड, २३ मार्च

वाजिदभाई,

ईद मुबारक, दोन दिवस उशिरा.

तुम्ही गुरुवारी आलात आणि गेलात, हे आम्हाला वसतिगृहातल्या एका पोरीकडून कळलं. काळा कोट, सोबत आणखी एक वकील, पांढरी गाडी. ती सांगत होती, दादांनी तुम्हालाही चहा दिला. तुम्ही चहाला हातही न लावता एक कागद त्यांच्यासमोर ठेवला. दहा मिनिटांत कपाट उघडलं. मी दोन महिने ज्या खुर्चीसमोर उभी राहत होते, तिथे तुम्हाला बसायला सांगितलं म्हणे. मला आनंद झाला, आणि थोडं रडूही आलं. ते रडू कसलं, ते अजून कळलं नाही.

यशवंता बॅग घेऊन तुमच्या गाडीत बसला, तेव्हा वीरधवल त्याच्यासोबत सेल्फी काढत होता.

संध्याकाळी वीरधवलचा मला फोन आला. "तुझं कागद भावाकडं दिल्यात. आता आमचा तुझा संबंध न्हाई." मी फोन ठेवला आणि अंगणात जाऊन उगाच उभी राहिले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

अम्मीनं ईदला शीरखुर्मा जास्तीचा केला. "वाजिद येईल," म्हणाली. फलटणपर्यंत आलेला माणूस म्हसवडला येईलच, असा तिचा हिशेब. अब्बा नमाजहून आल्यावर दुपारपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसले होते. मीच लिहिलं होतं, आला नाहीत तरी चालेल. ते तुम्ही इतकं खरं धराल, असं वाटलं नव्हतं.

प्रमाणपत्रं पोस्टानं पाठवली तरी चालतील. रजिस्टर करून पाठवा. आणि यशवंताचा कोपर कुणाला तरी दाखवा. त्याला म्हणावं, रागावला असलास तरी रागाव, पण हाताला बर्फ लावत जा.

आयेशा वहिनींना सलाम.

अर्फा


म्हसवड, २ जून

वाजिदभाई,

आधी आभार मानते, कारण पुढचं वाचल्यावर तुम्हाला वाटेल मी विसरले.

सात आठवडे तुम्ही त्याला घरात ठेवून घेतलंत. वहिनींनी त्याला भाकरी खायला शिकवलं. मिरजेच्या डॉक्टरांकडे नेलंत. कोपरातला हाडं बांधून ठेवणारा दोर ताणलाय, तुटलेला नाही, असं डॉक्टर म्हणाले हे तुम्ही मला फोन करून सांगितलंत. पाच वर्षांनी तुमचा आवाज ऐकला तो या वाक्यात. व्हिसाचा दंड, परवानगी, साताऱ्याच्या चकरा, सगळं तुम्ही केलंत. त्याला विमानात बसवूनच घरी गेलात. एवढं कुणी सख्ख्यासाठीही करत नाही.

तो इटलीत पोचलाय. क्लबनं जागा ठेवली होती, पण या हंगामात चेंडू टाकायचा नाही, असं तिथल्या डॉक्टरनं बजावलंय. सध्या पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षणाला उभा राहतो आणि बॅटिंग करतो. परवा त्याचा निरोप आला. या वेळी मोबाइलची बाई नव्हती, त्याचाच आवाज होता, तुमच्या घरी शिकलेल्या मराठीत. "अर्फा, मी लय चिडलो होतो. अजून थोडा चिडलो आहे. पण हात आहे." मागून कुणी त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारत होतं. आईशी रोज बोलतो, म्हणाला. गावी मात्र कधी जाता येईल ते त्यालाही माहीत नाही.

आता माझं.

मार्चपासून मी कागद मागतेय. आधी तुम्ही म्हणालात, पोस्टात हरवतील. मग म्हणालात, ऑफिस हलवतोय. एप्रिलमध्ये म्हणालात, माझ्याकडे सुरक्षित आहेत, तुला घाई कसली? आणि बकरी ईदला तुमच्याऐवजी इचलकरंजीच्या इंजिनीअरचा फोटो आला. फोनवर म्हणालात, "अर्फा, आधी स्थळ बघ. लोकांनी किती नावं ठेवली तुला, तरी हा मुलगा तयार आहे. एकदा हे पक्कं झालं की तुझे कागद तुझ्याच हातात. तुझ्या भल्याचं सांगतोय."

तुमच्या आवाजात दटावणी नव्हती. माया होती. म्हणूनच मी घाबरले. वीरधवलसारख्या माणसाशी भांडता येतं हो. जो आपल्या पाठीवरून हात फिरवतो, त्याला काय म्हणायचं? तीन दिवस मी तो फोटो टेबलावर ठेवला. मुलगा वाईट दिसत नाही. वाईट नसेलही. पण त्याच्या हो-नाहीवर माझी दहावी-बारावी का अडकावी, हे मला काही केल्या समजत नाही. तुम्ही खलनायक असता तर मी तुम्हाला नोटीस धाडली असती. तुम्ही माझे भाऊ आहात, आणि एका परक्या पोराला तुम्ही जीव लावून बाहेर काढलंत. तोच माणूस, तेच हात, आणि माझ्या वेळेला ते मिटतात.

पंधरा तारखेच्या आत साताऱ्याच्या क्रीडा कार्यालयात मूळ प्रमाणपत्रं दाखवायची आहेत. दाखवली तर क्रीडा शिक्षकाच्या जागेसाठी माझं नाव जातं. नाही दाखवली तर वयाची मर्यादा उलटते, पुढच्या वर्षी अर्ज करता येत नाही. नोकरी मिळेलच असं नाही. मिळाली नाही तर इथेच मुलींना शिकवीन. गेल्या आठवड्यापासून चौघी यायला लागल्यात, त्यातली एक चेंडू आला की डोळे मिटते. तिचे डोळे उघडायला महिना जाईल.

तर मी शुक्रवारी सांगलीला येतेय. कागद घ्यायला. तुम्ही कोर्टात असाल तर मी बाहेर बाकावर बसेन, संध्याकाळ झाली तरी बसेन. ओरडणार नाही, वहिनींसमोर तमाशा करणार नाही. पण कागद घेतल्याशिवाय उठणार नाही. इंजिनीअरला कळवा, मुलगी आधी नोकरीचं बघतेय. थांबायचं की नाही ते तो ठरवेल.

हे पत्र मी अब्बांना वाचून दाखवलं. ते उशी भरत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "तिकिटं दोन काढ." मी म्हटलं, अब्बा, तुम्ही कशाला? भांडण होईल. त्यांनी हातावरचा कापूस झटकला.

"भांडत न्हाई गं. तू तुझं कागद घे. मी माझं पोरगं बघतो."

अर्फा